रेडिओ आईचा, मायस्पेस मुलांचं : लॉस एंजेलिस, मार्च २००६

शनिवार, २५ मार्च २००६ रोजी, कागदपत्रांशिवाय राहणाऱ्या स्थलांतरितांना गुन्हेगार ठरवू पाहणाऱ्या विधेयकाविरुद्ध, लॉस एंजेलिसच्या ब्रॉडवे रस्त्यावर किती माणसं उतरली यावर अजून एकमत नाही. पोलिसांचा आकडा पाच लाख, आयोजकांचा दहा लाख. पोलिसांचाच धरला तरी त्या शहरानं पाहिलेल्या सगळ्यात मोठ्या मोर्च्यांपैकी हा एक. ऑलिम्पिक आणि ब्रॉडवेच्या चौकातून निघून सिटी हॉलपर्यंत जायचं होतं. बहुतेकांच्या अंगात पांढरे कपडे, हातात अमेरिकेचे झेंडे, कडेवर पोरं. इंग्रजी वर्तमानपत्रं आणि वाहिन्या चकित झाल्या. ज्या शहराची जवळपास निम्मी वस्ती लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकन मुळाची, आहे, तिथं एवढी मोठी गोष्ट शिजत होती आणि बातमीदारांच्या कानावर पुसटसंच काही आलं होतं.

हे जमलं कसं, याची दोन तयार उत्तरं तेव्हापासून दिली जातात. स्पॅनिश रेडिओनं जमवलं, हे एक. दुसरं उत्तर नव्या माध्यमांवर प्रेम करणाऱ्यांचं : मायस्पेस या तेव्हाच्या सोशल नेटवर्कनं आणि मोबाइलनं जमवलं. माझ्या मते दोन्ही उत्तरं अर्धी आहेत, कारण दोन्ही माध्यमाकडे पाहतात, घराकडे पाहत नाहीत. त्या मार्चमधल्या घडामोडी नीट लावल्या की दिसतं ते असं : एकाच छपराखाली दोन भाषा होत्या, दोन पिढ्या होत्या आणि दोन वेगळी माध्यमं होती. ती एकाच आठवड्यात एकाच विषयावर बोलू लागली. मग पुढच्या आठवड्यात त्यांची वाट वेगळी झाली, आणि त्याचाही हिशेब द्यावा लागला.

कायदा

ठिणगी पडली वॉशिंग्टनमध्ये. विस्कॉन्सिनचे रिपब्लिकन खासदार जेम्स सेन्सनब्रेनर यांनी आणलेलं एचआर ४४३७ हे विधेयक अमेरिकी संसदेच्या कनिष्ठ सभागृहानं, प्रतिनिधीगृहानं, १६ डिसेंबर २००५ रोजी २३९ विरुद्ध १८२ मतांनी मंजूर केलं. मेक्सिकोच्या सीमेवर सुमारे ७०० मैल कुंपण हा त्याचा गाजलेला भाग. पण घराघरांत भीती शिरली ती दुसऱ्याच कलमांमुळे. कागदपत्रांशिवाय देशात असणं हा तोवर दिवाणी स्वरूपाचा भंग होता, तो आता फौजदारी गंभीर गुन्हा ठरणार होता. अशा माणसाला मदत करणाऱ्यावरही खटला चालवता येणार होता. अन्नछत्र चालवणारा पाद्री यात सापडू शकेल, असा अर्थ लोकांनी काढला आणि तो अगदीच चुकीचा नव्हता. लॉस एंजेलिसचे कॅथलिक धर्मप्रमुख कार्डिनल रॉजर महोनी यांनी १ मार्चला, ॲश वेन्सडेच्या म्हणजे ख्रिस्ती उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, जाहीर करून टाकलं की असा कायदा झालाच तर आपल्या पाद्र्यांना तो मोडायला सांगू. कॅथलिक समाजात या शब्दाला वजन होतं.

त्या काळी देशात कागदपत्रं नसलेले अंदाजे १ कोटी १५ ते २० लाख लोक होते. याहून महत्त्वाचा आकडा सहसा मागे राहतो : अशा आईबापांची जवळपास ३१ लाख मुलं जन्मानं अमेरिकन नागरिक होती. म्हणजे पोलीस दारात आले तर बाप गुन्हेगार आणि स्वयंपाकघरात गृहपाठ करणारी पोरगी नागरिक. पुढचं सगळं या एका घरात घडतं असं समजून वाचावं.

ऑनलाइन कोण होतं

लॅटिनो समाजाची पाहणी करणाऱ्या प्यू हिस्पॅनिक सेंटर या संशोधन संस्थेनं २००६ साली गोळा केलेली आकडेवारी पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाली. लॅटिनो प्रौढांपैकी ५६ टक्के इंटरनेट वापरत होते. गोऱ्यांत हे प्रमाण ७१, कृष्णवर्णीयांत ६०. इथवर थांबलं तर 'लॅटिनो मागे आहेत' एवढंच हाती लागतं, आणि बऱ्याच जणांनी तेवढंच हाती घेतलं. पण तोच आकडा भाषेनं फोडला की चित्र पालटतं. मुख्यतः इंग्रजी बोलणाऱ्या लॅटिनोंत ७८ टक्के ऑनलाइन, दोन्ही भाषा वापरणाऱ्यांत ७६ टक्के, आणि मुख्यतः स्पॅनिश बोलणाऱ्यांत फक्त ३२. म्हणजे 'लॅटिनो इंटरनेट' नावाचं एक काही नव्हतंच. मुलगी गोऱ्या वर्गमैत्रिणीइतकीच, कदाचित जास्तच, ऑनलाइन होती. तिची आई नव्हती. मोबाइल मात्र दोघींच्या पोहोचीत होता. लॅटिनो प्रौढांपैकी ५९ टक्क्यांकडे तो होता आणि त्यांतले जवळपास निम्मे मेसेज पाठवत-घेत होते.

हा मोबाइल म्हणजे आकडे दाबून अक्षरं काढायचा फोन. आयफोन यायला सव्वा वर्ष होतं. ट्विटर लोकांसाठी उघडलं नव्हतं आणि फेसबुक तेव्हा शाळा-कॉलेजांपुरतं होतं. लॉस एंजेलिसच्या सरकारी शाळांत, जिथं दर चार मुलांतली जवळपास तीन लॅटिनो, तिथल्या पोरांचं सगळं जग मायस्पेसवर होतं.

आईचा रेडिओ

आधी रेडिओ, कारण शनिवारचा मोर्चा खरोखर त्याचाच.

एडी सोतेलो, श्रोत्यांचा लाडका पिओलिन, केएससीए केंद्रावर सकाळचा कार्यक्रम करायचा. प्रँक कॉल, रांचेरा ही मेक्सिकन गाणी, चावट विनोद, मधेच रडणाऱ्या श्रोत्याला धीर. कुठल्याही भाषेतला धरला तरी लॉस एंजेलिसमधल्या सगळ्यात जास्त ऐकल्या जाणाऱ्या सकाळच्या कार्यक्रमांत तो होता. पिओलिन स्वतः पोरवयात गाडीच्या डिकीत लपून सीमा ओलांडून आला होता आणि हे त्यानं कधी लपवलं नाही. त्याच्या विरुद्ध स्पर्धेत रेनान अल्मेन्दारेस कोएयो, म्हणजे एल कुकुय, आणि रिकार्दो सांचेस, म्हणजे एल मांद्रिल. तिघांची केंद्रं एकमेकांचे श्रोते पळवण्यावर जगणारी. हे धंदे होते, समाजसेवी केंद्रं नव्हेत, हे विसरू नये. तरीही मोर्च्याच्या आधी आयोजकांनी विनंती केल्यावर हे प्रतिस्पर्धी एकत्र आले आणि आपापल्या माइकवरून एकच निरोप देऊ लागले.

निरोपात घोषणा कमी आणि तपशील जास्त होते. पांढरे कपडे घाला. झेंडा अमेरिकेचा आणा. पोराबाळांना घेऊन या. पाणी बरोबर ठेवा. कचरा उचलायला प्लॅस्टिकच्या पिशव्या आणा. कुणी डिवचलं तरी उलटू नका. यातली एकेक सूचना उद्याच्या टीव्हीवर कसं दिसेल याचा विचार करून दिलेली होती. आणि ती रोज सकाळी, बांधकामाच्या ट्रकमध्ये, शिलाईच्या कारखान्यात, हॉटेलच्या मागच्या स्वयंपाकघरात, हात कामात असताना कानात शिरत होती. रेडिओला वाचता यावं लागत नाही, कीबोर्ड लागत नाही, लॉगिन लागत नाही. ज्या वर्गाला इंटरनेट ३२ टक्केच गाठत होतं, त्या वर्गापर्यंत पिओलिन रोज सकाळी पोहोचत होता.

शिवाय श्रोता त्याला फोन करून विचारू शकत होता. कामावर सुट्टी मागू का? पोलीस कागद मागतील का? उत्तर हजारोंना एकदम ऐकू जायचं. एकानं विचारायचं आणि सगळ्यांनी ऐकायचं, ही सोय त्या वेळच्या वेबसाइटांत फारशी नव्हती.

शिकागोनं हे आधीच करून दाखवलं होतं. १० मार्चला तिथं एक लाखाहून अधिक लोक उतरले, आणि तिथंही स्पॅनिश रेडिओचा हात मोठा होता. लॉस एंजेलिसच्या मोर्च्यात अटका जवळपास झाल्याच नाहीत.

मुलांचं मायस्पेस

सोमवारी, २७ मार्चला, चित्र निराळं होतं.

आधीच्या शुक्रवारी काही शाळांतून मुलं वर्ग सोडून बाहेर पडली होती. शनिवार-रविवारी त्यांच्यातली अनेक आईबापांबरोबर मोर्च्यात चालली. घरी आली, संगणक उघडला. सोमवारी दक्षिण कॅलिफोर्नियात मिळून जवळपास चाळीस हजार विद्यार्थी शाळेतून उठून चालू लागले. काही जण थेट १०१ आणि ११० क्रमांकाच्या फ्रीवेवर चढले आणि वाहतूक अडली. शाळांनी फाटकं लावली. महापौर अंतोनियो व्हियाराइगोसा सिटी हॉलसमोर जमलेल्या पोरांना सामोरे गेले, त्यांचं ऐकलं आणि परत वर्गात जायला सांगितलं.

एका शनिवार-रविवारात हे पसरलं ते 'बुलेटिन'मुळे. आजच्या वाचकासाठी ही सोय समजावून सांगायला हवी. मायस्पेसवर प्रोफाइल होतं, त्यावर आपोआप वाजणारं गाणं होतं, आवडत्या आठ मित्रांची जाहीर क्रमवारी होती आणि त्यावरून रुसवेफुगवे होते. पण बुलेटिन वेगळं. एक मजकूर टाकला की तो आपल्या सगळ्या मित्रांच्या पानावरच्या एका चौकटीत ओळीनं दिसायचा, विषयाच्या एका ओळीसह. आवडला तर मजकूर उचलायचा आणि स्वतःच्या नावानं पुन्हा टाकायचा. वर कुठला अल्गोरिदम बसलेला नव्हता : जो शेवटी टाकेल त्याचं सगळ्यात वर. म्हणून मजकुराच्या शेवटी 'पुढे पाठवा' लिहिण्याची सवयच लागली होती. चेष्टा, अफवा, प्रश्नावल्या, नशिबाची धमकी देणारी साखळीपत्रं याच वाटेनं फिरायची. आता त्या वाटेवर शाळेचं नाव, वार आणि तास फिरू लागला. सकाळी शाळेत संगणक नसेल, किंवा मायस्पेस बंद केलेलं असेल, तर बाकाखाली धरलेल्या फोनवरून मेसेज. एक वर्ग उठला की शेजारच्या शाळेला पाच मिनिटांत कळे.

पूर्व लॉस एंजेलिसमध्ये याला इतिहास आहे. मार्च १९६८ मध्ये शिक्षक साल कास्त्रो यांच्या साथीनं मेक्सिकन-अमेरिकन विद्यार्थ्यांनी निकृष्ट शाळांविरुद्ध असाच वर्गांवर बहिष्कार टाकला होता. त्यावरचा एक चित्रपट नेमका त्याच मार्चमध्ये टीव्हीवर दाखवला गेला होता, त्यामुळे कल्पना पोरांच्या डोक्यात ताजी होती. पण १९६८च्या मागे अनेक आठवड्यांच्या बैठका होत्या, मागण्यांची यादी होती, कुणी बोलायचं हे ठरलेलं होतं. २००६ला सोमवारी बाहेर पडलेल्या अनेक मुलांना फाटकाबाहेर गेल्यावर कुठं जायचं हे ठाऊक नव्हतं. बुलेटिननं निघायची वेळ सांगितली होती, पोहोचायचं ठिकाण नेहमी सांगितलं नव्हतं. मुलांना नावं ठेवायला मी हे लिहीत नाही. मायस्पेसची घडणच तशी होती. कुणीही सुरू करू शकेल, आणि 'आता पुरे' म्हणायचा अधिकार कुणाकडेच नाही.

त्याच दिवशी मॉन्टेबेलो हायस्कूलच्या खांबावर बाहेरच्या शाळेतून आलेल्या काही विद्यार्थ्यांनी मेक्सिकोचा झेंडा वर आणि अमेरिकेचा झेंडा त्याखाली उलटा चढवला. एका स्थानिक वर्तमानपत्राच्या छायाचित्रकारानं तो टिपला. तो फोटो ब्लॉगांवर आणि ईमेलमधून देशभर इतका फिरला, की शनिवारच्या लाखो अमेरिकन झेंड्यांवर त्या एकाच खांबानं पाणी पाडलं. कायद्याच्या समर्थकांना हवं ते मिळालं. इंटरनेटवर ते लॅटिनो चळवळीच्या आधीपासून तयारीत होते. २००५ साली ॲरिझोनाच्या सीमेवर पहारा द्यायला गेलेल्या मिनिटमन गटानं स्वयंसेवक बव्हंशी ऑनलाइनच गोळा केले होते.

घरातला सांधा

इथं मला सगळ्यात रस आहे, आणि इथंच पुरावा सगळ्यात विरळ आहे. आईनं रेडिओवर ऐकलं ते मुलीनं बुलेटिनमध्ये इंग्रजीत टाकलं असेल. मुलीनं वाचलेला कायद्याचा मजकूर तिनं आईला स्पॅनिशमध्ये सांगितला असेल. अशा घरांत मुलं लहानपणापासून दुभाषाचं काम करतातच : बँक, दवाखाना, शाळेतून आलेली चिठ्ठी. तेव्हा हा अंदाज हवेतला नाही. आणि एक गोष्ट नोंदलेली आहे. सोमवारनंतर पिओलिन आणि इतर निवेदक मुलांना उद्देशून बोलू लागले : वर्गात परत जा, शाळेनंतर या. मायस्पेसनं पेटवलेलं शमवायला आईच्या रेडिओची गरज पडली. मुलं तो कार्यक्रम ऐकत नसतील, पण ज्या गाडीतून शाळेत जात होती त्या गाडीत तो लागलेला होता.

एप्रिलमध्ये देशभर शंभराहून जास्त शहरांत मोर्चे निघाले. १ मे रोजी 'स्थलांतरितांविना एक दिवस' पाळायचा ठरला, म्हणजे काम नाही, शाळा नाही, खरेदी नाही. त्यावर मात्र फूट पडली. महोनी यांचा बहिष्काराला विरोध होता : कामावर जा, शाळेत जा, संध्याकाळी चाला. लॉस एंजेलिसमध्ये दोन वेगळे मोर्चे झाले. टायसन आणि कारगिलसारख्या मांस कंपन्यांनी आपले काही कारखाने त्या दिवशी बंदच ठेवले.

एचआर ४४३७ वरिष्ठ सभागृहात, सिनेटमध्ये, कधीच पुढे सरकलं नाही. सिनेटनं २५ मे रोजी वेगळं, नागरिकत्वाची वाट ठेवणारं विधेयक ६२ विरुद्ध ३६ मतांनी मंजूर केलं, पण दोन्ही सभागृहांचा मेळ बसला नाही. हाती लागलं ते ऑक्टोबरमधलं कुंपणाचं विधेयक.

पत्रं आणि फॅक्स

पुढचं वर्ष ही या प्रकरणाची ओहोटी आहे असं मानून बरेच अभ्यासक ते सोडून देतात. मला ते प्रकरणाचाच भाग वाटतं.

जून २००७ मध्ये सिनेटपुढे पुन्हा सर्वसमावेशक विधेयक आलं. पिओलिन श्रोत्यांनी लिहिलेली सुमारे दहा लाख पत्रं घेऊन कॅलिफोर्नियाहून वॉशिंग्टनला गेला. कागदाचे गठ्ठे, वाटेत ठिकठिकाणी स्वागत, थेट प्रक्षेपण. दुसऱ्या बाजूला नंबर्सयूएसए या संघटनेनं आपल्या वेबसाइटवर सोय केली होती : नाव-पत्ता भरा, तुमच्या सिनेटरला फुकट फॅक्स जाईल. इंग्रजी टॉक रेडिओवरचे निवेदक त्याच सुमारास सिनेटचा फोन नंबर वाचून दाखवत होते. २८ जूनला, मतदानाच्या दिवशी, सिनेटची फोनयंत्रणा कॉलच्या भारानं कोलमडली. विधेयक ४६ विरुद्ध ५३ मतांनी अडलं.

दहा लाख पत्रं ही लहान गोष्ट नव्हती. पण पत्र एकदा पोहोचतं. फॅक्स त्याच सिनेटरच्या कार्यालयात, त्याच्याच मतदाराच्या नावानं, मत देण्याच्या आदल्या संध्याकाळी आणि त्या दिवशी सकाळीही पोहोचतो. पिओलिनच्या श्रोत्यांतल्या अनेकांना मतच नव्हतं. २००६च्या मोर्च्यांतली गाजलेली घोषणा होती 'आज चालतो, उद्या मत देतो'. २००७ साली तो उद्या अजून उजाडला नव्हता.

अभ्यासकाची अडचण

या प्रकरणावर काम करणाऱ्याला पहिली ठेच लागते ती साधनांची. पोलिसांचे आकडे आहेत, वर्तमानपत्रं आहेत, फ्रीवेचे हेलिकॉप्टरमधून घेतलेले फोटो आहेत. पण बुलेटिनं थोड्या दिवसांत आपोआप पुसली जात, आणि मायस्पेसनं २०१९ मध्ये मान्य केलं की सर्व्हर हलवताना २०१५ पर्यंत चढवलेली गाणी, फोटो आणि व्हिडिओ गेले. पहाटेचा रेडिओ कुणी पद्धतशीर जपून ठेवला नाही. म्हणून 'मायस्पेसमुळे झालं' म्हणणारे आणि 'रेडिओमुळे झालं' म्हणणारे दोघंही प्रामुख्यानं त्या आठवड्यातल्या इंग्रजी बातमीदारांवर विसंबतात, म्हणजे ज्यांना आधी काही कळलं नव्हतं त्यांच्यावर.

त्यानंतर

२००९ मध्ये लॅटिनो प्रौढांपैकी ६४ टक्के इंटरनेट वापरत होते, २०१५ मध्ये ८४. मुख्यतः स्पॅनिश बोलणाऱ्यांत वाढ दुपटीची : ३६ वरून ७४ टक्के. ही वाढ संगणकाची कमी आणि हातातल्या फोनची जास्त. मग आई आणि मुलगी प्रथमच एका माध्यमावर आल्या. ते माध्यम व्हॉट्सॲप. प्यूच्या २०२३च्या पाहणीत लॅटिनो प्रौढांपैकी ५४ टक्के ते वापरत होते, गोऱ्यांपैकी २०. गोऱ्या अमेरिकेला ज्याची फारशी गरज वाटली नाही, ते इथं घरातलं झालं, कारण मावशी होन्डुरासमध्ये, आजी मेक्सिकोतल्या मिचोआकानमध्ये आणि आंतरराष्ट्रीय कॉलचे पैसे सगळ्यांना माहीत.

आता निरोप पुन्हा आवाजात येतो, स्पॅनिशमध्येच, पण त्याच्यामागे पिओलिन नसतो. अमुक चौकात इमिग्रेशनवाले उभे आहेत, अमुक लसीनं असं होतं, अमुक तारखेनंतर अर्ज बंद. कुणी म्हटलं हे कळत नाही, आणि उलट फोन करून विचारायची सोय नाही. अर्जेंटिनाच्या चेकेआदो आणि स्पेनच्या मालदिता या तथ्य-तपासणी करणाऱ्या दोन संस्थांनी २०२२ मध्ये अमेरिकेतल्या स्पॅनिश भाषकांसाठी फॅक्टचेकेआदो सुरू केलं ते यासाठीच : शंका असलेला निरोप त्यांच्या व्हॉट्सॲप नंबरवर पाठवायचा.

त्याआधी, २०२० मध्ये, कोविडमुळे ॲरिझोना आणि मेक्सिकोतलं सोनोरा राज्य यांमधली सीमा अनावश्यक प्रवासाला बंद झाली, तेव्हा फिनिक्समधल्या पत्रकार मारित्सा फेलिक्स यांनी कोनेक्ता ॲरिझोना नावाचा व्हॉट्सॲप गट काढला. सुरुवात झाली ती आईकडून येणाऱ्या फॉरवर्डची शहानिशा करता करता. गटात तेव्हा २५६ जणच मावत. रोज ठरलेल्या वेळी, 'कॉफीच्या तासाला', त्या तिथं हजर असत. सदस्य विचारत : सीमेवरचा नाका उघडा आहे का, पलीकडे औषध मिळेल का, भाडं थकलं तर घरमालक काढू शकतो का. एकाचा प्रश्न सगळे वाचत आणि उत्तर सगळ्यांना एकदम मिळे.